उलांडी कायम वाऱ्याकडे: घरी बांधलेल्या प्रोआतून किनाऱ्याने फिरताना, वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही जयगडहून मालवणला शिडावर गेलो त्याबद्दल लिहिलं होतं. घरी बांधलेली प्लायची 24 फुटी प्रोआ (एकाच बाजूला उलांडी असलेली शिडाची होडी, उलांडी म्हणजे मुख्य होडीच्या शेजारी वाशांनी बांधलेला तरंगता आधार), मी आणि माझा मेव्हणा, चार टप्पे, पाच दिवस. त्यावर खूप प्रश्न आले, इतके येतील असं खरंच वाटलं नव्हतं. सगळे घेता येत नाहीयेत म्हणून सारखे सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न: दादा, आम्ही मिऱ्याचे. उलांडीवाली होडी आमच्याकडे आजोबांच्या आधीपासून आहे. तुमच्या प्रोआलाही एकच उलांडी दिसते. मग वेगळं नाव कशाला? (रत्नागिरी)

नाव मलय भाषेतल्या पराहू या शब्दावरून आलंय, त्याचा अर्थ नुसता होडी. पण फरक मात्र मोठा आहे आणि तो तुम्हाला लगेच कळेल कारण तुम्ही उलांडीवर वाढलाय.

तुमच्या होडीला नाळ, म्हणजे पुढचं टोक, एका टोकाला ठरलेली, सुकाणू दुसऱ्या टोकाला ठरलेलं. उलांडीच्या बाजूने वारा आला की उलांडी वजनासारखी काम करते, होडी वाऱ्याने कलायला लागली की उलांडी वर उठायला बघते आणि तिचं वजन होडीला परत खाली ओढतं. वारा दुसऱ्या बाजूने आला की तीच उलांडी पाण्यात दाबली जाते, मग तिच्यात जेवढी हवा तेवढाच तिचा आधार, शिवाय पाणी कापताना ओढ बसते ती वेगळीच. म्हणजे एकच होडी दोन बाजूंना दोन स्वभावाची.

प्रोआवाल्यांनी दुसरी बाजू काढूनच टाकली. उलांडी कायम वाऱ्याकडे. त्यासाठी होडीला पुढचं-मागचं ठेवलंच नाही, दोन्ही टोकं सारखी, दिशा बदलायची झाली की होडी वळवायची नाही, शीड एका टोकावरून उचलून दुसऱ्या टोकाला न्यायचं आणि जी मागची बाजू होती ती आता नाळ. मायक्रोनेशियात, म्हणजे कॅरोलाइन, मार्शल, मारियाना या बेटांवर असंच चालवायचे. पोर्तुगीज दर्यावर्दी मॅगेलनची जहाजं 1521 साली ग्वामला पोचली तेव्हा युरोपातल्या लोकांनी या होड्या पहिल्यांदा बघितल्या, आणि 1742 मध्ये इंग्रज नौदलाच्या अ‍ॅन्सनच्या जहाजावरच्या अधिकाऱ्याने टिनियन बेटावरच्या होडीचं मापं घेऊन चित्र काढलं, ते आजही बांधणारे लोक बघतात. पण एवढं लांब जायलाच नको. श्रीलंकेतली ओरू पण अशीच, दोन्ही टोकं सारखी आणि उलांडी वाऱ्याकडे. आपल्यापासून काही फार लांब नाही ती.

तुमच्या आजोबांच्या होडीपेक्षा प्रोआ चांगली असं मी म्हणणार नाही हां. जाळं ओढायचं, बंदरातल्या गर्दीत वळायचं, तिथे तुमचीच बरी. लांबचा पल्ला एका वाऱ्यावर काटायचा असेल तर प्रोआ, कारण तेवढ्याच लाकडात ती लांब आणि हलकी बांधता येते.

प्रश्न: शीड या टोकावरून त्या टोकाला न्यायचं हे दोघांना झेपतं का? भर समुद्रात? (ठाणे, आणि आणखी तिघांनी)

झेपतं, पण हाताला बसायला वेळ लागतो. याला शंट म्हणतात. आधी होडी वाऱ्याला आडवी करायची, शिडाचा दोर सोडायचा, शीड झेंड्यासारखं फडफडायला लागतं, होडी थांबते. उलांडी वाऱ्याकडेच असते म्हणून ती शांत उभी राहते, मला तर या होडीतली हीच गोष्ट सगळ्यात आवडते, एवढ्या वाऱ्यातसुद्धा दोर सोडला की गाडी न्यूट्रलला टाकल्यासारखं. मग एकजण शिडाचं खालचं टोक उचलून चालत दुसऱ्या टोकाला नेऊन अडकवतो, दुसरा सुकाणूचं वल्हं तिकडून काढून इकडे लावतो, दोर हळूहळू ओढायचा आणि निघालो उलट्या दिशेने.

पहिल्यांदा आम्हाला पाच-पाच मिनिटं लागायची आणि तेवढ्यात होडी वाऱ्याने बरीच खाली वाहून जायची. आता मिनिटाच्या आत होतं. मधे काय केलं, तर पूर्ण एक सीझन शास्त्रीच्या खाडीत नुसते शंट मारले, कुठे जायचं नाही, काही नाही, या काठावरून त्या काठाला. बाहेर निघायच्या आधी हे कराच. समुद्रात लाट असते, पायाखालचं फळकूट ओलं असतं, आणि शिडाचं टोक हातातून सुटलं तर ते थेट तोंडावर येतं.

प्रश्न: पुण्यात बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये बांधता येईल का? कुठला प्लॅन, कुठलं प्लाय, आणि ड्रेनेजच्या पीव्हीसी पाइपची उलांडी चालेल का? (पुणे)

येईल. न्यूझीलंडचे गॅरी डिअर्किंग यांचं वाआपा म्हणून डिझाइन आहे, सपाट बुडाचं, साध्या प्लायचं, तीन तुकड्यांत बांधायचं आणि बोल्टने जोडायचं. प्रत्येक तुकडा साधारण आठ फुटांचा म्हणून पार्किंगमध्ये बसतो आणि टेम्पोत घालून कोकणात नेता येतो. मधला तुकडा न लावता दोन टोकं जोडली तर 16 फुटी होडी होते, खाडीत शिकायला तीच घ्या. आमची याच पद्धतीची आहे, 6 मिमी प्लायची.

प्लाय मरीनच हवं, त्यावर आयएस 710 चा शिक्का बघा, आणि शिक्क्यावरही विसंबू नका, एक तुकडा कापून दिवसभर उकळत्या पाण्यात ठेवा आणि कडा सुटतायत का बघा. आमच्या पहिल्या लॉटचे पदर सुटले, सगळं परत केलं, महिना गेला. पण होडी बांधून झाल्यावर हे कळलं असतं तर काय? इपॉक्सी (प्लाय जोडायचा आणि वर थर द्यायचा, दोन भाग कालवून केलेला डिंक) पावसाळ्यात लावू नका, हवेतल्या दमटपणाने वर चिकट थर येतो आणि पुढचा हात धरत नाही. मे महिन्याच्या उन्हात उलटं, भांड्यातच तापून दगड होतं, म्हणून थोडं थोडं कालवा. पैशाचं म्हणाल तर आमचे प्लायपेक्षा इपॉक्सी आणि फायबरच्या कापडावर जास्त गेले, ते धरून चाला. शीड ताडपत्रीचंच शिवलंय, दोन सीझन टिकतं. उलांडीचे आडवे वासे सुरूचे, साल काढून वाळवून. बोल्ट न मारता घट्ट बांधलेत, ट्यूब कापून केलेल्या रबरी पट्ट्यांनी, म्हणजे लाटेत थोडं हलतं आणि तुटत नाही. आपल्याकडे काथ्याने बांधायचे त्यातलंच शहाणपण.

आता पाइप. 160 मिमीचा चार मीटर पाइप घेतला तर त्यात साधारण 80 लिटर जागा, म्हणजे पूर्ण बुडाला तर 80 किलोचा आधार, त्यातून पाइपचं स्वतःचं वजन वजा. एक धडधाकट माणूस उलांडीवर गेला की संपलं. खाडीत शिकायला चालेल, समुद्रात नेऊ नका. प्लायचीच बांधा, पोकळ, आत तीन कप्पे करा, म्हणजे एक फुटला तरी दोन राहतात.

प्रश्न: तुम्ही लिहिलंत की दिवस "तिथी बघून" निवडले. त्याचं जरा सविस्तर सांगा ना. वेदर अ‍ॅप असताना तिथी कशाला? (देवगड आणि मुंबई)

अ‍ॅप बघतोच, रोज दोनदा. पण सगळी सफर तिथीवर उभी आहे, म्हणून हे जरा लांबलचक होईल.

आधी वारा. डिसेंबर ते फेब्रुवारी कोकणात वाऱ्याचं घड्याळ लागलेलं असतं. रात्री जमीन गार पडते, पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहते, हलकी पण एकसारखी, आणि पाणी सपाट कारण ती किनाऱ्यावरून येते. सूर्य वर आला की मतलई मरते, दहा-अकराच्या सुमाराला तास दीड तास पाणी तेलासारखं, मग वायव्येकडून खारा वारा सुरू होतो आणि दुपारी तीन-चारपर्यंत 15 नॉटच्या (ताशी साधारण 28 किलोमीटर) आसपास जातो, पाण्यावर पांढरं दिसायला लागतं. म्हणजे लहान होडीने पहाटे निघायचं आणि दुपारी वारा चढायच्या आत खाडीत शिरायचं. एवढं सगळ्यांना माहीत असतं.

आता खाडी. खाडीच्या मुखाशी वाळूची पट्टी असते. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर येतंय आणि खारा वारा त्याच्या विरुद्ध आत ढकलतोय अशा वेळी तिथे लाट उभी राहते आणि फुटते, अर्धा किलोमीटर बाहेर शांत असलं तरी. लहान होड्या खोल समुद्रापेक्षा या मुखाशीच जास्त अडचणीत येतात. म्हणून दुपारी शिरताना भरती चढती हवी, वारा आणि पाणी दोन्ही आत चाललेले, मग मुख गुळगुळीत असतं. आणि पहाटे निघताना ओहोटी हवी, म्हणजे मतलई आणि पाणी दोन्ही बाहेर.

हे कुठल्या दिवशी जमतं? आपले जुने लोक सांगायचे, तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी म्हणजे चार, त्याची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनला भरती पूर्ण. रत्नागिरीच्या बाजूला हे बऱ्यापैकी जुळतं, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो म्हणून छापील तक्ता जवळ ठेवाच. पण प्लॅन करायला हे गणित पुरतं. तृतीयेला सव्वादोन, पंचमीला पावणेचार, सप्तमीला सव्वापाच. म्हणजे तृतीया ते सप्तमी या पाच दिवसांत पहाटे पाच-सहाला ओहोटी तुम्हाला खाडीतून बाहेर काढते आणि दुपारी एक-दोनला चढती भरती आत घेते. एकादशीला हेच करायला गेलात तर सगळं उलटं.

आणि यातही वद्य पक्ष घ्या. वद्य तृतीयेपासून सप्तमीपर्यंत पहाटे आकाशात चंद्र असतो. शुद्धात त्याच तिथ्यांना चंद्र रात्रीच मावळलेला, मग काळोखात जाळ्यांची बोयं दिसत नाहीत. चंद्राच्या उजेडात, मागून मतलई लागलेली, खाडीच्या कडेची माडं काळी दिसतायत आणि शिडाचा नुसता सळसळ आवाज, ते मला इथे नीट लिहिता येत नाहीये, पण पहाटे चारला उठायचा कंटाळा त्या पहिल्या दहा मिनिटांत जातो.

आमचे टप्पे: जयगड ते रत्नागिरी साधारण 19 नॉटिकल मैल, रत्नागिरी ते विजयदुर्ग 26, विजयदुर्ग ते देवगड 11, देवगड ते मालवण 20. पल्ला काटताना आम्ही सरासरी चार-साडेचार नॉट धरतो, खाऱ्या वाऱ्यावर मधे मधे सात पण होतात पण ते हिशोबात धरायचं नाही. विजयदुर्गचा टप्पा मोठा आहे, उशीर झाला तर मधे पूर्णगडला शिरायचं हे आधीच ठरवलेलं होतं. विजयदुर्गची वाघोटणची खाडी खोल आणि निवाऱ्याची, तिथे एक दिवस जास्त थांबलो. मालवणला शिरताना मात्र स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय जाऊ नका, किल्ल्याच्या आजूबाजूला पाण्याखाली खडक आहेत, भरतीला दिसतच नाहीत. आणि तो भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, नांगर वाळूतच टाका, प्रवाळावर नको.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला घाई करू नका. 2009 मध्ये फयान वादळ नोव्हेंबरातच आलं होतं. एप्रिलपासून दुपारचा वारा दांडगा होतो आणि लाट वाढते, माझ्या मते लहान प्रोआसाठी मार्चअखेर बस.

प्रश्न: माझा मुलगा तुमचं वाचून अशी होडी बांधायला बसलाय. खरं सांगा, ही उलटते का? (डोंबिवली)

ताई, खरंच सांगतो. उलटू शकते. आणि कशाने उलटते ते नेमकं माहीत आहे, म्हणून ते टाळता येतं.

वाऱ्याचा जोर वाढून उलांडी वर उठते, ते दिसतं, कळतं, दोर सोडला की खाली बसते. तो धोका मला कमी वाटतो. खरा धोका म्हणजे वारा चुकीच्या बाजूने येणं. म्हणजे उलांडी डावीकडे आणि वारा अचानक उजवीकडून. शीड डोलकाठीवर चिकटून बसतं, दोर सोडून काही होत नाही, डोलकाठीला धरणारे दोर सगळे उलांडीच्या बाजूला असतात त्यामुळे ती पडू शकते, आणि उलांडी पाण्याखाली दाबली जाते.

आणि कोकणात हे रोज घडायला टपलेलं असतं, का तर मघाचं वाऱ्याचं घड्याळ. दक्षिणेला जाताना पहाटेची मतलई डावीकडून येते म्हणून उलांडी जमिनीकडे. दुपारचा खारा वारा उजवीकडून, म्हणजे उलांडी समुद्राकडे हवी. जायचंय त्याच दिशेला, पण मधल्या त्या शांत तासात होडी पूर्ण उलटी फिरवून घ्यावी लागते, सकाळी जे टोक पुढे होतं ते आता मागे. आमचं चुकलं ते इथेच, विजयदुर्गच्या टप्प्यात आंबोळगडच्या बाहेर. मतलईचा शेवटचा दम होता, अजून जरा पुढे जाऊ म्हणून शीड तसंच ठेवलं, साडेदहा वाजले असतील, आणि समुद्रावर काळी रेघ दिसली. दोघांनाही दिसली. खारा वारा येतोय हे कळत होतं आणि तरी मी म्हटलं पाच मिनिटं थांब. शीड थाडकन डोलकाठीवर आपटलं, उलांडी गेली पाण्याखाली, मेव्हणा होडी आणि उलांडीच्या मधल्या फळीवरून मुख्य होडीत उडी मारून गेला म्हणून वजन तिकडे गेलं आणि मी शीड उतरवायचा दोर सोडला. शीड खाली आलं, होडी सरळ झाली. वल्ह्यांनी फिरवून घेतली, शीड पुन्हा चढवलं आणि निघालो, पण हात बराच वेळ थरथरत होते.

त्या दिवसापासून नियम केलाय, मतलई अडखळायला लागली की शीड खाली. वारा असला तरी खाली. वल्ह्यांनी होडी फिरवायची, शीड दुसऱ्या टोकाला बांधून तयार ठेवायचं, चटणी-भाकरी खायची आणि खाऱ्या वाऱ्याची वाट बघायची. अर्धा तास जातो, जाऊ दे.

मुलाला बांधणीतल्या तीन गोष्टी सांगा. उलांडीत भरपूर हवा हवी, ती नुसतं वजन म्हणून बारीक बांधू नये. डोलकाठीला दुसऱ्या बाजूनेही एक दोर हवा. आणि मुख्य होडीला उलांडीच्या विरुद्ध बाजूला बाहेर काढलेला एक पोकळ, पोटासारखा फुगीर भाग करावा, होडी त्या बाजूला कलली की तो पाण्याला टेकून आधार देतो. अमेरिकेतले होडी बांधणारे रसेल ब्राउन यांनी आपल्या प्रोआला तसा केला आणि ती होडी समुद्रात लांब लांब फिरली. लाइफ जॅकेट अंगात, होडीत नाही. आणि खाडीत गळ्याएवढ्या पाण्यात मुद्दाम उलटी करून सरळ करायला शिकायचं, दोघांनी, दोन-तीनदा. हे सगळं तो करत असेल तर ताई त्याला अडवू नका. करत नसेल तर अडवा.

प्रश्न: छोटं आउटबोर्ड इंजिन लावलं तर? (अलिबाग)

लावा, पण ते कुठे लावणार हा प्रश्न आहे, कारण मागचं टोक सारखं बदलतं. लोक मधे फळीवर लावतात, आणि लाटेत पंखा पाण्याबाहेर येतो. आम्ही दोन चांगली वल्ही नेतो. 24 फुटी हलकी होडी वल्ह्यांवर दीड-दोन नॉट जाते, शांत तासाला पुरतं.

प्रश्न: परवानगी लागते का? (चिपळूण)

नोंदणीचं काय ते महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या जवळच्या बंदर कार्यालयात जाऊन आधी विचारा, होडीचे फोटो आणि मापं घेऊन जा. निघायच्या आधी सागरी पोलीस ठाण्यात कोण, कुठून कुठे, कधी पोचणार हे लिहून द्या आणि पोचल्यावर फोन करा. 2008 नंतर किनाऱ्यावर अनोळखी होडीकडे लोक संशयाने बघतात आणि ते बरोबरच आहे. मच्छीमारांशी आधी बोला, आपण त्यांच्या कामाच्या जागेतून चाललोय. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं लांब जाळं) लागलेली असेल तर बाहेरून लांबून जा. तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर फोनमध्ये ठेवाच, आणि फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, गळ्यात.

प्रश्न: झोपायचं कुठे, खायचं काय? (नाशिक)

होडी आणि उलांडीच्या मधल्या फळीवर एकजण झोपतो, दुसरा काठावर ताडपत्रीखाली. पाणी माणशी रोजचे चार लिटर, त्याशिवाय एक कॅन उघडायचाच नाही असा. पहिल्या दिवशी भाकरी, पुढे पोहे, गूळ, खोबरं, शेंगदाणे, आणि बंदरावर मिळेल ती मासळी. होडी भरतीला वर ओढून ठेवलीत तर पुढच्या भरतीपर्यंत ती तिथेच अडकते हे लक्षात ठेवून जागा निवडा. आम्ही ती पाण्यातच ठेवतो, दोन नांगरांवर, एक खाडीच्या वरच्या अंगाला आणि एक मुखाकडे, म्हणजे रात्री ओहोटी फिरली तरी ती जागेवर राहते आणि पहाटे अंधारात चाचपडत शोधावी लागत नाही.